डॉ. अकासिओ व्हिएगस आणि मुंबईचा प्लेग



सप्टेंबर महिन्याचा शेवटचा रविवार ख्रिस्तसभा स्थलांतरितांचा व निर्वासितांचा दिवस म्हणून पाळते. पूर्वी हा दिवस जानेवारीत येत असे. २०१९ पासून पोप फ्रान्सिस यांनी तो सप्टेंबरात आणला. आम्हां मुंबईकरांना हा बदल सोयीचाच झाला, कारण आपल्या शहराच्या इतिहासातली एक मोठी तारीख याच महिन्यात येते, २३ सप्टेंबर १८९६. त्या दिवशी एका गोवेकर कॅथलिक डॉक्टरने महापालिकेच्या स्थायी समितीत सांगितले की मुंबईत गाठीचा प्लेग आला आहे. त्या डॉक्टरांचा पुतळा मेट्रो सिनेमासमोर आहे. गिरगावातून धोबीतलावकडे जाणारे आपण सगळे त्याच्यासमोरून किती वेळा गेलो असू! तो डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा पुतळा आहे, एवढे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांनी नेमके काय केले आणि त्यांनी सांगितलेल्या बातमीचा भार शेवटी कोणाच्या खांद्यावर पडला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून आजचे हे पान.

अकासिओ यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी बार्देशातल्या हडफडे गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. शेती तुटपुंजी, कारखाने नाहीत आणि शिकलेल्यांनाही काम नाही, अशी स्थिती होती. घरातला धडधाकट मुलगा मुंबईची वाट धरी. कोणी आगबोटीवर खलाशी होई, कोणी साहेबाच्या बंगल्यावर आचारी, कोणी शिंपी, कोणी बँडमध्ये वाजवणारा. धोबीतलाव, डाबूल, माझगाव या भागांत गावागावाचे कूड होते. एक मोठी खोली, भिंतीला लागून ओळीने ट्रंका, रात्री अंथरायला चटई, कोपऱ्यात गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी तेर्स. आपल्यापैकी काहींचे आजोबा-पणजोबा अशाच ट्रंकेवर डोके टेकून झोपले असतील. आज आपण स्वतःला जुने मुंबईकर म्हणवतो, पण या शहरात बहुतेक सर्वांचे पहिले पाऊल परगावच्या माणसाचेच होते.

अकासिओ यांना मात्र शिक्षणाची संधी मिळाली. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ते शिकले, १८७४ साली मॅट्रिक झाले आणि १८८० साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्या वर्गात डॉक्टर होऊन बाहेर पडले. त्यांनी दवाखाना थाटला तो मांडवीत. फोर्टमध्ये किंवा मलबार हिलच्या वाटेवर थाटला असता तर पैसा अधिक मिळाला असता. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याची वखार. खाली पोत्यांच्या राशी, वर माळ्यामाळ्यांवर माणसे. व्यापाऱ्यांच्या पेढ्या एकीकडे आणि त्याच गल्लीत हमाल, गाडीवान, गोदीत ओझी वाहणारे दुसरीकडे. तुंबलेली गटारे आणि धान्यावर पोसलेले उंदीर तर सर्वत्रच.

प्लेग १८९४ साली हाँगकाँगमध्ये उसळला होता आणि हाँगकाँगशी मुंबईचा व्यापार रोजचा होता. १८९६ च्या पावसाळ्यात मांडवीच्या वखारींत उंदीर मरून पडू लागले. त्यामागोमाग माणसे तापाने फणफणू लागली. जांघेत किंवा काखेत गाठ यायची आणि दोन-चार दिवसांत माणूस जायचा. डॉ. व्हिएगस यांनी अशा रोग्यांना तपासले, लक्षणे ताडून पाहिली आणि हा साधा ताप नव्हे हे ओळखले. ते महापालिकेचे सभासद होते व स्थायी समितीतही होते, म्हणून त्यांना ही गोष्ट जेथे बोलली पाहिजे तेथे बोलता आली.

ती बोलणे सोपे नव्हते. बंदरात प्लेग आहे असे एकदा जाहीर झाले की युरोपातली बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, कापूस धक्क्यावर पडून राहणार, हे सर्वांना कळत होते. शहरातल्या मोठ्या लोकांना ही बातमी नकोशी होती आणि काही डॉक्टरांनीही प्रथम शंका घेतल्या. सरकारने स्वतंत्रपणे तपासणी करवली आणि डॉ. व्हिएगस यांचे निदान खरे ठरले. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ कलकत्त्याहून मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा गेली. तीच आपली हाफकिन संस्था.

इथपर्यंतची कथा शौर्याची आहे आणि चरित्रे बहुधा इथेच थांबतात. आम्हाला मात्र पुढच्या चार-सहा महिन्यांविषयी लिहायचे आहे.

त्या काळच्या मुंबईत राहणाऱ्या चार माणसांपैकी तीन शहराबाहेर जन्मलेली होती. १८९१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,२१,७६४ भरली होती. परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांत गिरण्या वाढल्या होत्या आणि गिरणीत रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतले लोक होते. एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन कुटुंबे, शिवाय पाळीवर झोपायला येणारे गाववाले. रोगाला काय, घर कोणाचे हे विचारायची गरज नव्हती. जेथे उंदीर आणि गर्दी तेथे तो गेला. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली दाखवले, आणि तेही सर्वांनी मान्य करायला आणखी वर्षे गेली. तोवर घाण, दमट जमीन आणि माणसाचा स्पर्श यांनाच दोषी धरले जाई.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिका आयुक्तांनी हुकूम काढला. रोगी सापडला की त्याला जबरदस्तीनेही इस्पितळात नेता येईल, आणि घरच्यांना वेगळे काढता येईल. पथके चाळींत शिरू लागली. कार्बोलिक ॲसिडचे फवारे, चुन्याची सफेदी, समुद्राच्या पाण्याने धुतलेली गटारे. उजेड यावा म्हणून छपराची कौले काढली जात, जमीन खणली जाई, कपडे आणि गोधड्या जाळल्या जात. ज्या घरात रोगी सापडला त्याच्या भिंतीवर तारखेसह गोल खूण रंगवली जाई. हे सर्व रोग हटवण्यासाठीच होते, अधिकाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याच्या घरी दोन गोधड्या आहेत त्याच्या दोन्ही जाळणे आणि ज्याच्या घरी वीस आहेत त्याच्या दोन जाळणे, या एकच गोष्टी आहेत काय?

रोग्यांना नेत ते आर्थर रोडच्या इस्पितळात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात. तेथे गेलेला परत येत नाही, अशी गिरणगावात समजूत झाली. आणि उशिरा नेलेले बरेच रोगी खरोखरच परत येत नव्हते. ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी इस्पितळ पाडण्याच्या धमक्या दिल्या आणि २९ तारखेला सुमारे हजार कामगार चाल करून गेले, दगडफेक केली, रोगी व नोकर यांना मारहाण झाली. जखमी झालेल्या आजारी माणसांची कीव येते, आणि ज्यांनी दगड उचलले त्यांच्या भीतीचीही येते. आपल्या बायकोला अनोळखी माणसे डोलीत घालून कुठे नेतात हे ज्याला कोणी सांगितले नाही, तो काय करील?

दुसऱ्याच दिवशी हुकूम सौम्य झाला. ज्या रोग्याला घरीच वेगळे ठेवून नीट उपचार करता येतील त्याला इस्पितळात नेऊ नये, असे ठरले. बंधुभगिनींनो, या सवलतीपाशी थोडे थांबा. कागदावर ती सर्वांना सारखी होती. तीत जात, धर्म, प्रांत कशाचाच उल्लेख नव्हता. अट एवढीच की रोग्यासाठी वेगळी खोली हवी. वाळकेश्वरच्या बंगल्यात अशी खोली असणार हे उघड आहे. लालबागच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे, ती वेगळी खोली कुठून आणणार? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा न्यायविचार आणि त्यावरचे संत थॉमस यांचे विवेचन आम्ही घोकले होते. समानांना समान वागवणे म्हणजे न्याय, पण जे समान स्थितीत नाहीत त्यांना एकाच मापाने मोजले तर ते माप कितीही सरळ असले तरी अन्याय घडतो, असा तो विचार. परीक्षेत हे लिहिणे सोपे होते. त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला नंतर कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही.

याच काळात पैसेवाल्या समाजांनी आपापली प्लेग इस्पितळे उभारली आणि सरकारने ती चालू दिली. तेथे आपल्या पद्धतीचे जेवण, ओळखीचा डॉक्टर, नातेवाइकांची ये-जा होती. ते योग्यच होते. परंतु ज्यांच्या मागे या शहरात दानशूर समाज नव्हता, ज्यांचे सगेसोयरे बोटीने दोन दिवसांच्या अंतरावर होते, त्यांना सरकारी छपरावाचून गत्यंतर नव्हते.

मग पळापळ सुरू झाली. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. सुमारे ३ लाख ८० हजार लोक निघून गेल्याचा त्या वेळचा अंदाज आहे. गावी तरी काय होते? घाटावरच्या अनेक जिल्ह्यांत त्याच वर्षी दुष्काळ पडला होता. शहरात प्लेग आणि गावी उपासमार यांच्यामध्ये ही माणसे सापडली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि सरकारला प्रवाशांना अडवण्याचे, तपासण्याचे, छावणीत ठेवण्याचे अधिकार मिळाले. स्थानकांवर तपासणी होई. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना खाली उतरवून फलाटावर उभे करत, बायकांच्या काखा-जांघा तपासण्यावरून तर देशभर संताप झाला. वरच्या वर्गाच्या उतारूंची तपासणी मात्र डब्यात जाऊन अदबीने होई. तिकिटाच्या रंगावरून रोगाची शंका कमी-जास्त होत होती.

गिरणीमालकांची अडचण वेगळीच होती, त्यांना हात हवे होते. गिरण्यांत पगार महिन्याने, तोही मागचा राखून देण्याची रीत होती. न सांगता गाव गाठणाऱ्याचे राखलेले पैसे बुडत. कित्येक कामगार मरणाच्या भीतीने ते पैसे सोडून गेले. आणि जे राहिले त्यांच्यासाठी नाक्यानाक्यावर बोली लागली, रोजचा पगार रोज हातात मिळू लागला. ज्या कामगाराला एरवी चार आठवडे ताटकळत ठेवता येत होते, त्याला रोजच्या रोज देणे शक्य होते, हे प्लेगने सिद्ध केले. साथ ओसरल्यावर जुनी रीत परत आली. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वारले. रविवारी मिस्सेला येणाऱ्या आपण त्यांचे नाव विसरू नये. पुण्यात महिन्याभराने, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

डॉ. व्हिएगस या सगळ्यात शहर सोडून गेले नाहीत. गलिच्छ वस्त्या साफ कराव्यात, उंदरांचा नायनाट करावा, यासाठी त्यांनी मोहीम चालवली. हाफकिनची लस आली तेव्हा लोक तिला भीत होते. सुईने माणूस मरतो, नपुंसक होतो, अशा वावड्या होत्या. डॉ. व्हिएगस यांनी स्वतःच्या हाताने सुमारे १८,००० लोकांना लस टोचली. हा आकडा उच्चारायला सोपा आहे. पण १८,००० वेळा एका घाबरलेल्या माणसाला समजावणे, त्याचा दंड धरणे, पुन्हा सुई उकळणे, याचा विचार करून पाहावा. भिंतीवर खूण रंगवणारा आणि दंड हातात घेणारा, दोघेही सरकारच्याच बाजूचे म्हणायचे. पण चाळीतल्या माणसाला फरक कळत होता.

१९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. या पदाला १९३१ पासून महापौर म्हणू लागले. ख्रिस्ती माणूस त्या खुर्चीवर बसला याचा आपल्या समाजाला सार्थ अभिमान वाटला. ते मुंबई विद्यापीठाच्या सिंडिकेटवरही होते. परंतु त्या महापालिकेला निवडून देत ते कर भरणारे. खोलीचे भाडे देणाऱ्या हमालाला किंवा साचेवाल्याला मत नव्हते, घरमालकाला होते. ज्यांच्या घराची कौले काढली गेली त्यांच्यापैकी कोणीच ती काढावीत की नाही हे ठरवणाऱ्यांत नव्हता.

गलिच्छ वस्त्या हटवण्याच्या विचाराचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्याने काढले, दादर-माटुंग्याला आखीव वसाहती वसवल्या. हिंदू कॉलनीच्या झाडांखालून जाताना मन प्रसन्न होते यात शंका नाही. पण रस्त्यासाठी ज्यांच्या खोल्या पाडल्या ते गरीब लोक त्या वसाहतींत राहायला गेले नाहीत, ते शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहू लागले. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने पाडले जास्त आणि बांधले कमी. नायगाव, डिलाईल रोड, वरळी व शिवडीच्या बीडीडी चाळी उभ्या राहायला १९२० चे दशक उजाडावे लागले. डॉ. व्हिएगस यांनी रोग ओळखला तो बरोबर होता; वस्ती घाण आहे हेही बरोबर होते. घाण हटवताना माणसालाही हटवले गेले, आणि त्यात एका प्रामाणिक डॉक्टरच्या म्हणण्याचा आधार घेता आला, ही त्यांच्या चरित्रातली दुखरी बाजू आम्हाला वाटते. १९०१ साली शहराची लोकसंख्या ७,७६,००६ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी.

हे सर्व जुने म्हणून सोडून देता आले असते. पण मार्च २०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झाला, आणि कोविडचे पहिले संशयित रोगी त्याच आर्थर रोडच्या इस्पितळात, कस्तुरबात, दाखल झाले. हा रोग विमानाने आला होता. पायी घरी गेले ते परप्रांतीय मजूर. ७ मे २०२० रोजी परदेशी अडकलेल्या भारतीयांना आणणारी विमाने सुरू झाली. ८ मे च्या पहाटे, जालन्याहून मध्य प्रदेशात जायची गाडी मिळेल या आशेने निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली सापडले. घरी राहा हा नियम तेव्हाही सर्वांना सारखाच होता. घर म्हणजे काय, हे तेवढे प्रत्येकाचे वेगळे होते. रेशन मिळे ते कार्डावर, आणि कार्ड असे गावच्या पत्त्यावर. १४ मे ला कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी माणशी ५ किलो धान्याची घोषणा झाली, तोवर सात आठवडे उलटून गेले होते.

पुरातही हेच घडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर पंचनामे झाले. पंचनाम्याला पुरावा लागतो, आणि वाहून जाणाऱ्या घरातून पुरावाच आधी वाहून जातो. ज्याचे भाड्याच्या खोलीवर नाव नाही त्याचे नुकसान झाले हे सिद्ध कसे व्हावे?

प्लेगच्या काळात गिरगाव, माझगाव, वांद्रे या भागांत लोकांनी क्रूस उभारले, नवस बोलले; त्यांतले कित्येक आजही उभे आहेत आणि मे महिन्यात आपण तेथे तेर्स म्हणतो. ज्यांनी ते उभारले ते वाचले, आणि वाचल्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. जे गावच्या वाटेवर, फलाटावर किंवा छावणीत गेले त्यांच्या नावाचा क्रूस कुठेच नाही.

डॉ. व्हिएगस १९३३ साली निवर्तले. तोवर प्लेगचा जोर पुष्कळ ओसरला होता, पण देशभरात त्याने एक कोटीहून अधिक बळी घेतले होते.

आता आपल्या धर्मग्रामाविषयी. पावसाळ्यात किंवा इतर आपत्तीत मदत वाटण्यासाठी आपण कुटुंब-कार्डांच्या यादीचा उपयोग करतो. ही यादी वर्गणी देणाऱ्या, पत्ता कायम असलेल्या कुटुंबांची आहे. आपल्या इमारतींचे रखवालदार, आपल्या घरी काम करणाऱ्या झारखंड, ओडिशा, छत्तीसगडच्या मुली, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतली कुटुंबे तीत नाहीत. त्यांतले काही तर आपल्याबरोबर मागच्या बाकांवर बसून मिस्सा ऐकतात. दुसरी यादी करावी की आहे ती यादीच बदलावी, तीत ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांना कसे घ्यावे, आणि कागद न मागता मदत दिली तर हिशेब कसा ठेवावा, यावर मतभेद आहेत आणि ते खरे मतभेद आहेत; हिशेब ठेवणाऱ्या आपल्या बांधवांची काळजी आम्ही क्षुल्लक मानत नाही. धर्मग्राम परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा एकच विषय घेतला आहे. ज्यांना अशी कुटुंबे ठाऊक आहेत त्यांनी येत्या दोन रविवारी मिस्सेनंतर कार्यालयात येऊन ती कुठे राहतात, किती माणसे आहेत आणि कोणती भाषा बोलतात एवढे सांगावे. कार्डाचा नंबर विचारला जाणार नाही.